माउली आमच्याकडे का येत नव्हती

मस्कतच्या वादी अदाईतली आमची खोली डोंगराला पाठ लावून उभी होती. डोंगर म्हणजे आपल्याकडचा हिरवा नव्हे. काळपट तपकिरी, वर गवताची काडी नाही, दिवसभर तापायचा आणि सूर्य बुडाला की ती धग आमच्या भिंतीतून आत सोडायचा. भिंतीला हात लावला तर नुकत्याच उतरवून ठेवलेल्या तव्यासारखी लागायची. खिडकीत जुना एसी होता. चालू केला की आधी खोकायचा, मग एकदा सगळी खिडकी हलवायचा आणि मग एका सुरात घरघरत राहायचा. त्या घरघरीत आमची अनू अभ्यास करायची, फिलू गाणी म्हणायची आणि मी ड्युटीवरून येऊन झोपायचो. लाईट गेली की एसी थांबायचा आणि आम्ही तिघंही जागे व्हायचो, कारण एवढ्या शांततेची आम्हाला सवय नव्हती. फिलू म्हणजे माझी बायको फिलोमिना. अनू आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा सात वर्षांची.

मला शिक्षण सातवीपर्यंत. वसईला बापाची केळीची वाडी होती, भावंडं सहा, वाडी एक. म्हणून मी मस्कतला गेलो आणि एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला लागलो. ओल्या चादरी गरम रोलरमध्ये घालायच्या, पलीकडून सपाट काढायच्या, घड्या घालायच्या. मनगटावर भाजल्याचे डाग पडायचे, ते आजही आहेत. फॅमिली व्हिसाला जेवढा पगार लागायचा तिथवर माझा पगार जेमतेम टेकला आणि मी बायको-मुलीला बोलावून घेतलं. शहाणी माणसं म्हणाली, मनवेल, वेडा आहेस, बायकोला गावी ठेव, चार पैसे मागे पडतील. मी ऐकलं नाही. आयुष्यात मी फार थोड्या गोष्टी बरोबर केल्या, त्यातली ही एक. आता फिलू नाही तेव्हा तर जास्तच वाटतं, की ती वर्षं मी एकट्याने काढली असती तर आज माझ्याकडे काय राहिलं असतं. एखादं पासबुक.

अख्खा फ्लॅट आम्हाला परवडणारा नव्हता. दोन खोल्या, मध्ये बोळ, एक किचन, एक बाथरूम. दुसऱ्या खोलीत रत्नागिरीकडचे इब्राहिमभाई आणि खतिजाभाभी. भाई मत्राच्या बाजारात कापडाच्या दुकानात होते, त्यांचे दोन मुलगे गावी शिकत होते. किचन दोघींचं मिळून. शेगडीचे डावीकडचे बर्नर भाभींचे, उजवीकडचे फिलूचे, पण हा कायदा फक्त पहिल्या महिन्यात पाळला गेला. नंतर कोणाचं काय कुठे शिजतंय ते वासावरूनच कळायचं. फिलू सुक्या बोंबलाची चटणी वाटायला लागली की भाभी बोळातूनच म्हणायच्या, "माझ्यासाठी पण घाल गो, आणि मिरची हात राखून." रमजानात फिलू त्यांच्यासमोर पाणी प्यायची नाही. तर भाभी तिला दम भरायच्या. "पी गो बाय. तुला कोणी रोजा ठेवायला सांगितलाय? चक्कर येऊन पडलीस तर उचलणार कोण, माझ्या अंगात ताकद आहे काय?"

खाणंपिणं सांगतो. तिथे तारली स्वस्त, सुरमई महाग. आम्ही तारली खायचो. शुक्रवारी कोंबडी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे तिथली मैद्याची मोठी रोटी, आणि बरोबर लबान, म्हणजे ताक. अनूला ते इतकं आवडायचं की ती विचारायची, "पप्पा, लास्ट वीक कधी येणार?" शाळेत इंग्लिश, त्यामुळे तिची मराठी अशी तुटक. तो खुबूस फाडून लबानात बुडवून खाताना मला कधी गरीब वाटलं नाही. खरं सांगतो. वसईला लहानपणी तर ह्याहून कमी होतं. सहा पोरांत दोन अंडी वाटली जायची. पण गरीब हा शब्द आम्ही फक्त देवळात फादरांच्या प्रवचनात ऐकायचो, आणि ते दुसऱ्या कोणाबद्दल बोलत असावेत असं वाटायचं. मला गरीब वाटलं ते मस्कतच्याच अल् घुब्रा भागात, एसीच्या गारव्यात, मऊ सोफ्यावर बसून केक खाताना.

ते असं झालं. तिकडे आम्ही वसईची बरीच माणसं होतो. सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारचं मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, शुक्रवारी. महिन्यातून एकदा मराठी मिस्सा असायचं, त्यानंतर देवळाच्या आवारात झाडाखाली सगळे जमायचे. आणि ऑक्टोबर आला, जपमाळेचा महिना, की मरियामातेची मूर्ती घरोघरी जायची. दीड हात उंचीची, निळ्या झग्याची. आम्ही तिला माउली म्हणायचो. आज ह्यांच्या घरी, दोन दिवसांनी त्यांच्या घरी. ज्यांच्या घरी असेल तिथे संध्याकाळी सगळ्यांनी जमून जपमाळ म्हणायची, लितानी, म्हणजे मरियामातेच्या नावांची विनवणी, म्हणायची, दोन गाणी, आणि मग खाणं. आपल्या गावात क्रुसाजवळ प्रार्थना झाली की उकडलेले चणे हातावर देतात, तेवढंच ते मूळ. पण मस्कतला ते वाढत गेलं होतं. पहिल्या घरी सँडविच असेल तर दुसऱ्या घरी सँडविच आणि कटलेट, तिसऱ्या घरी दोन्ही आणि वर चिकन लॉलीपॉप, आणि हॉटेलातल्यासारखा आयसिंगचा केक. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं वाढवा म्हणून. पण कमी कोण करणार?

अल् घुब्राला ऑफिसात काम करणारी मंडळी राहायची. आम्ही त्यांच्याकडे जायचो ते नारिंगी पट्ट्याच्या शेअर टॅक्सीत, अनोळखी माणसांना चिकटून. मी टॅक्सी घरासमोर थांबवायचो नाही. अलीकडच्या सिग्नललाच उतरायचो. फिलू म्हणायची, "अजून पुढे आहे ना?" मी म्हणायचो, "चालू थोडं, पाय मोकळे होतात." दिवसभर लाँड्रीत उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय मोकळे करायला काय राहिलं होतं देव जाणे. एकदा तर मी खिशातली खोलीची किल्ली काढून बोटावर फिरवत त्यांचा जिना चढलो, गाडी लावून आल्यासारखा. फिलूने पाहिलं. वर आत गेल्यावर मी टीव्ही किती इंचाचा ते बघायचो, पडदे, काचेचं कपाट, फरशी. पडद्याचं कापड मला एका नजरेत कळायचं, माझा धंदाच तो. फिलू ह्यातलं काही बघायची नाही. ती माणसं बघायची. कोणाचं पोर आजारी आहे, कोणाची सासू आलीये. तिचा आवाज चांगला होता, गाणं सुरू करायला सगळ्या बाया तिच्याचकडे बघायच्या. मला वाटायचं की मला जे टोचतंय तेच तिलाही टोचतंय, फक्त ती दाखवत नाही. हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

पहिल्या वर्षी घरी येताना ती म्हणाली, "आपल्याकडे माउली कधी आणायची?"

मी म्हटलं, "जागा कुठे आहे?"

"पलंग उभा करून ठेवला की जागाच जागा."

"बघू पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी तिने मिस्सा संपल्यावर मला ढोसलं. नाव द्या म्हणाली. यादी करायच्या एडनाबाई, स्वतः अल् घुब्राच्या, नवरा मोठ्या कंपनीत अकाउंटला. बाई मनाने वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचून कोणी त्यांना नावं ठेवील. त्यांनी वही उघडून मला विचारलं, "मनवेल, ह्या वर्षी तुमचा दिवस घालू ना? कुठला देऊ?" फिलू लांब बायांत उभी होती. माझ्या डोळ्यांसमोर आमचा जिना आला, त्याचा पडलेला गिलावा, बोळात भाभींचे वाळत घातलेले कपडे, आमच्या सहा प्लेटी, त्यातली एक तडकलेली. ह्या माणसांच्या चपला कुठे ठेवायच्या हाच पहिला प्रश्न. आणि मी तोंड उघडलं.

"बाई, आमच्याकडे अडचण आहे. बरोबर मुसलमान फॅमिली राहते. त्यांना नाही चालणार."

एवढंच. किती सोपं होतं ते. बाईंनी आवाज खाली केला. "ओह. समजलं. तुम्ही त्यांच्याशी काही बोलू नका हं, उगाच भांडण नको." आणि वही मिटली. फिलूला मी सांगितलं, यादी भरली. त्याच्या पुढच्या वर्षी बाईंनी मला विचारलंच नाही. फिलूला मी पुन्हा सांगितलं, यादी भरली. त्या संध्याकाळी भाभींनी आमच्या अनूला ताप म्हणून पेज करून दिली होती, ती मी चाटूनपुसून खाल्ली, कारण अनूने अर्धी टाकली होती. माणूस कसा असतो बघा. घास नरड्यात अडकला नाही.

मग एका गुरुवारी दुपारी मी ड्युटीवरून आलो तर दारात अनोळखी सँडल. आत बोळात खुर्ची टाकून एडनाबाई बसल्या होत्या. त्यांच्या मुलीला आखूड झालेला शाळेचा युनिफॉर्म अनूसाठी घेऊन आल्या होत्या. फिलू त्याची शिवण बघत होती, खूश होती. भाभी चहा घेऊन आल्या. फिलूचा चहा होता, भाभींची बिस्किटं, नेहमीसारखं. एडनाबाईंनी कप घेतला, भाभींकडे बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या चांगल्या आहात, मग आमच्या माउलीचा तुम्हाला त्रास का हो वाटतो? एका तासाचा तर प्रश्न आहे. दोन वर्षं ही बिचारी वाट बघतेय."

भाभी म्हणाल्या, "कसला त्रास?"

"म्हणजे मूर्ती आणायला तुमची मनाई आहे ना. मनवेल बोलले मला."

फिलूने युनिफॉर्म मांडीवर ठेवला. मी दारात उभा, हातात बूट. तिघींनीही माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता भाभी बोलणार, "मी कवा म्हटलं तसं?" बोलल्या असत्या तरी त्यांचा हक्क होता. पण भाभींनी माझ्याकडे नीट बघून घेतलं, एकदा फिलूकडे बघितलं, आणि एडनाबाईंना म्हणाल्या, "हां, ते होय. मी आमच्या ह्यांना विचारीन पुन्हा. तुमी बिस्कीट घ्या."

एडनाबाईंनी बिस्कीट घेतलं. थोड्या वेळाने गेल्या. जाताना फिलूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी प्रार्थना करते." म्हणजे भाभींचं मन वळावं म्हणून.

दार लागल्यावर भाभींनी कप गोळा केले. आवाज चढवला नाही. "मनवेलभाई, माझ्या नावावर कशापायी घातलंत वो? पैसा नव्हता तर पैसा नाय म्हणायचं. जागा नव्हती तर जागा नाय. आमच्या जातीवर कशाला गेलात?"

मी म्हटलं, "भाभी, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं खरं?"

"परक्या बाईसमोर? एका छपराखाली राहतो आपण. माझ्या घरातल्या माणसाला मी बाहेरच्यासमोर उघडा पाडायची नाय." एवढं बोलून त्या खोलीत गेल्या. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

फिलूने तांदूळ निवडले, अनूला जेवायला घातलं, युनिफॉर्मची घडी घालून ट्रंकेत ठेवली. मी आपला भिंतीला टेकून. शेवटी मीच म्हटलं, "अगं, काय खायला घालणार होतो आपण त्यांना? तुला लाज वाटली नसती?"

ती म्हणाली, "पैसे कमी आहेत हे मला रोज दुकानात कळतं. त्याची मला सवय आहे. पण आपण कोणाला तोंड दाखवायच्या लायकीचे नाही, हे मला आज तुमच्याकडून कळलं."

"असं कुठे म्हणालो मी?"

"मग दुसरं काय म्हणालात?" ती माझ्याकडे बघत नव्हती. "भाभीने तुमची लाज राखली. आता तिची कोण राखणार? बाईंना माहीत म्हणजे सगळ्या देवळाला माहीत, तिथे ती वाईट झाली."

ते दिवस मला पक्के आठवतात. फिलू किचनमध्ये जाईना. म्हणजे भाभी आत असल्या की जाईना. तिला भाभींच्या शेजारी उभं राहायची शरम वाटायची, आणि शरम मी केलेल्या कामाची. भाभींचं आटपलं की ती घाईघाईने भात टाकायची, उतरवायची, बाहेर. भाभीही मग तिला वेळ मिळावा म्हणून लवकर आटपायच्या. दोघी एकमेकींसाठी जागा सोडत होत्या आणि मधली जागा रिकामी. इब्राहिमभाईंना भाभींनी काही सांगितलं की नाही मला कधी कळलं नाही. बोळात भेटले की पहिल्यासारखंच "काय, कसं काय" म्हणायचे आणि मी त्यांच्या दाढीकडे बघून उत्तर द्यायचो. अनू मला म्हणाली, "पप्पा, मम्मी आणि आंटीची कट्टी आहे का?" मी म्हटलं, नाही, माझी आहे. तिला ते कळलं नाही.

लाँड्रीत आमचा एक बलुची सुपरवायझर होता. माझी एक चादर जळली तेव्हा म्हणाला, "मनवेल, इधर है कि घर पे है?" मी दुसरी चादर रोलरमध्ये घातली. पण रोलरपाशी उभं राहून मी विचार केला, जन्मात केला नसेल तेवढा. गरीब वाटणं हे मला पाकिटातून येत नव्हतं. पाकीट तर महिन्याभर तसंच असायचं, सोमवारीही आणि गुरुवारीही. ते मला सिग्नलपासून एडनाबाईंच्या दारापर्यंत चालताना यायचं, आणि परत वादी अदाईच्या टॅक्सीत बसलो की जायचं. म्हणजे मी ते स्वतःच उचलून घेऊन जात होतो आणि बरोबर परत आणत होतो. आणि ते ओझं जड झालं तेव्हा मी ते उचलून जी बाई माझ्या पोरीला पेज करून घालते तिच्या डोक्यावर ठेवलं. ही अक्कल मला आज लिहिताना आलेली नाही, तेव्हाच आली होती. पण अक्कल येणं वेगळं आणि चार माणसांत तोंड उघडणं वेगळं.

पुढच्या आठवड्यातला शुक्रवार आला. मिस्सा संपलं. फादर काय बोलले विचाराल तर शपथ, एक शब्द आठवत नाही. झाडाखाली वीस-पंचवीस माणसं असतील, चहाचे कागदी कप हातात. एडनाबाई वही घेऊन होत्या. मी जवळ गेलो. हळू सांगून मोकळं व्हावं असं मनात होतं. पण फिलू बाजूला येऊन उभी राहिली, नुसती उभी, आणि मला कळलं की हळू सांगितलेलं चालणार नाही. भाभीचं नाव चारचौघांत वाईट झालं होतं.

मी म्हटलं, "ऐका जरा. आमच्याकडे माउली येत नाही ती आमच्या शेजाऱ्यांमुळे नाही. त्यांनी कधीच मनाई केली नाही. मी खोटं बोललो. घर लहान आहे, खायला घालायला तुमच्यासारखं जमत नाही, म्हणून बोललो. खतिजाभाभीला दोष देऊ नका."

एका माणसाने कपात बघितलं. मागे कोणीतरी हसलं, वाईट हसू नव्हतं, अवघडल्यावर येतं तसं. एडनाबाई लाल झाल्या. त्यांना भाभींच्या चहाबरोबरची स्वतःचं गोड बोलणं आठवलं असेल. मग त्या सावरल्या आणि म्हणाल्या, "अहो मनवेल, एवढंच ना? आधी सांगायचं. खाण्याचं मी बघते, आम्ही घरूनच करून आणू. फक्त जागा तुमची."

खरं सांगू, मला हायसं वाटलं. हो म्हणायला तोंड उघडलंच होतं. फिलू म्हणाली, "नको बाई. आमच्याकडे येणार तर आमच्याकडचं खायचं." शांतपणे म्हणाली, गाण्याची पट्टी सांगावी तशी. आणि बुधवार मागून घेतला.

घरी जाऊन मी भाभींच्या दारावर टकटक केलं आणि जे झालं ते सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं म्हटलं. भाभी ओढणीने हात पुसत ऐकत होत्या. ओढणीचा रंग कुठला होता? फिलूला बरोबर आठवला असता. असं काही अडलं की अजून मी मान वळवून विचारायला जातो, आणि मग मानेला कळतं की बाजूला कोणी नाही. तर हिरवी होती असं धरून चाला. त्या म्हणाल्या, "बुधवारी किती माणसं?"

"वीस तरी."

"तुमच्या खोलीत मावणार नायत. आमची खोली पण उघडी ठेवते, दारातून दिसेल. आमी दोघं तोवर खाली ह्यांच्या दोस्ताकडे जाऊन बसू." मग जरा थांबून म्हणाल्या, "माफ केलं असं समजू नका हां. ते मी माझ्या मनाने करीन, व्हायचं तेव्हा."

मी म्हटलं, बरं.

बुधवारी पलंग उभा करून भिंतीला बांधला. चटया घातल्या. चपला जिन्याच्या पायऱ्यांवर, खाली रस्त्यापर्यंत गेल्या. माउलीला ट्रंकेवर फिलूची लग्नातली साडी पसरून ठेवलं. एवढ्या माणसांपुढे एसीने हात टेकले, सगळे घामाघूम. एका भल्या माणसाने टाय घातला होता, तो त्याने काढून खिशात कोंबला. जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा मणी, अनूने म्हटलं, मराठीत, अडखळत, मध्ये एकदा इंग्लिशमध्ये गेली आणि परत आली. मग फिलूने गाणं सुरू केलं आणि दोन्ही खोल्यांतून माणसं तिच्या मागे म्हणायला लागली. मी त्या वेळी टीव्ही किती इंचाचा ते बघत नव्हतो. आमच्याकडे टीव्हीच नव्हता.

खायला उकडलेले काळे चणे होते, खोबरं घातलेले, आणि कोरा चहा. उगाच गोड करून सांगत नाही: सगळे काही खूश झाले नाहीत. तीन-चार म्हाताऱ्यांनी मागून मागून खाल्ले, एकीचे तर डोळे भरले, क्रुसाजवळची आठवण निघाली. पण काहींनी कागदाच्या पुडीत तसेच ठेवले, ते मला नंतर खिडकीच्या कट्ट्यावर सापडले. अल् घुब्राच्या एका मुलीने अनूला विचारलं, "केक नाही?" अनू म्हणाली, "नाही, आमच्याकडे चणे असतात." तिने हे अशा सुरात सांगितलं की जणू केक हा कमी असलेल्या लोकांकडे असतो. एडनाबाई जाताना जिन्यात थांबल्या, खाली भाभी वर येत होत्या. दोघी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. बाईंनी भाभींचे दोन्ही हात धरले होते एवढं दिसलं. पुढच्या घरी पुन्हा चिकन लॉलीपॉप होतं. आम्ही गेलो, खाल्लं. मी दोन खाल्ले. टॅक्सी मी त्यांच्या दारासमोर थांबवली होती, पण ते काही फार मोठं झालं असं नाही. कोणी बघायलाही नव्हतं.

भाभी माझ्याशी नीट बोलायला लागल्या त्याला पुढे सहा-सात महिने गेले. कधी, कशावरून, ते कळलं नाही. फिलूशी त्यांचं दुसऱ्याच दिवशी सुरळीत झालं. त्यानंतर आम्ही एकत्र अजून चार वर्षं राहिलो. मग इब्राहिमभाईंना दुखणं लागलं आणि ते गावी गेले, मग आम्हीही. अनू आता परदेशात असते, तिची पोरं तर मराठी फक्त फोनवर ऐकतात.

फिलूला पुरलं त्याच्या महिन्याभराने खतिजाभाभी वसईला आल्या. मुलाने गाडीने आणलं. भाई केव्हाच गेले. भाभींचे गुडघे गेलेत, ओट्यावर चढायला दोघांनी धरावं लागलं. मुलगा गाडी सावलीत लावायला गेला आणि त्या फिलूच्या फोटोसमोर खुर्चीवर बसल्या. मी आत गेलो, डबे उघडले. शेजारीपाजारी जेवण आणून द्यायचे ते आता थांबलं होतं, मी कधी शिजवत होतो कधी नाही. दूध नासलेलं. बिस्किटं मऊ पडलेली. चहाची पूड तळाला. रत्नागिरीहून सकाळी निघालेली बाई, आणि घरात पाहुण्याच्या हातावर ठेवायला काही नाही. मी तसाच बाहेर आलो.

म्हटलं, "भाभी, घरात द्यायला काही नाही."

म्हटल्यावर माझ्याच ध्यानात आलं की हे बोलायला मला वेळ लागला नाही.

भाभी म्हणाल्या, "मग तुमी बसा माझ्याजवळ."

मी दुसरी खुर्ची ओढली. अंगणात उजेड होता तोवर आम्ही बसून होतो.